लिंडनरचे सौजन्य

लोरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात गोऱ्यांच्या बाजूने बोलणारा माणूस एकच आहे. कार्ल लिंडनर त्याचे नाव. अंगात सूट, हातात हॅट आणि ब्रीफकेस. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. माणसांनी एकमेकांसमोर बसून बोलले पाहिजे, जगातले निम्मे तंटे न बोलल्यामुळे होतात, अशा थाटात तो सुरुवात करतो. आणि मग हळूच मुद्द्यावर येतो: तुम्ही आमच्या वस्तीत घेतलेले घर आमच्या मंडळाला विकून टाका, तुमचा पैशाने फायदाच होईल. यात वंशद्वेषाचा काही संबंध नाही, असेही तो आवर्जून बजावतो.

वंशाचा काही संबंध नाही, हे बजावणे हाच या लेखाचा विषय आहे. कारण ते एकटा लिंडनर बोलत नाही. १९५९ च्या मार्च महिन्यात हे नाटक ब्रॉडवेवर आले, त्याचे ५३० प्रयोग झाले, न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी त्याला त्या वर्षाचा पुरस्कार दिला. आणि ज्यांनी त्याची वाहवा केली त्यांच्यातल्या कित्येकांनी याच सुरात वाहवा केली. हे काळ्यांचे नाटक नाही, माणसांचे नाटक आहे, म्हणून ते थोर आहे, असे सांगितले गेले. मराठीतल्या दलित लेखकाला हा सूर ओळखीचा वाटेल. साहित्याला जात कशाला लावता, चांगले असेल तर ते साहित्य, नसेल तर नाही, असे आमच्या पहिल्या पिढीला ज्यांनी ऐकवले त्यांतले काही जण खरोखर सज्जन होते. लिंडनरही सज्जन आहे. अडचण तिथेच आहे.

कथानक अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. शिकागोच्या दक्षिण भागात, काळ्यांच्या वस्तीत यंगर कुटुंब राहते. लीना ही आई, वॉल्टर ली हा मुलगा, रूथ ही सून, बेनीथा ही डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी आणि ट्रॅव्हिस हा नातू. नातू बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. संडास-न्हाणी बाहेरच्या बोळात, शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर सामाईक. सकाळी नंबर लागतो. उजेड येतो एका लहान खिडकीतून. वडील राबून राबून मेले, त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर आले आहेत. वॉल्टरला दारूचे दुकान टाकायचे आहे. लीना न विचारता ३,५०० डॉलर भरून क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले ६,५०० ती वॉल्टरच्या हाती देते, त्यातले ३,००० बेनीथाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवायला सांगते. तो सगळेच्या सगळे एका मित्राच्या हवाली करतो आणि मित्र पळून जातो. मग वॉल्टर लिंडनरला परत बोलावतो, पैसे घ्यायला. आणि शेवटी, पोरगा समोर उभा असताना, घेत नाही.

लीनाने गोऱ्यांच्याच वस्तीत घर का घेतले? गोऱ्यांच्या शेजाराची तिला हौस नाही. काळ्यांसाठी म्हणून लांबवर जी घरे बांधली जातात त्यांना दुप्पट पैसे पडतात, म्हणून. आपल्या पैशात कुटुंबासाठी सगळ्यात बरे घर तिने पाहिले आणि ते तिथे निघाले. नाटकातले हे एक साधे वाक्य पुष्कळ काही सांगून जाते. वेगळे राहण्याला बाजारभाव असतो आणि तो वेगळे ठेवलेल्यालाच भरावा लागतो.

लिंडनर कुठून आला हे समजायला शिकागोचा इतिहास थोडा पाहावा लागतो. १९१९ च्या जुलैत तिथे मोठी दंगल झाली. निमित्त असे, की मिशिगन सरोवरात पोहणारी काळी पोरे एका तराफ्यावरून वाहत २९व्या रस्त्याच्या किनाऱ्याकडे गेली. त्या पाण्यात काळ्यांची बाजू आणि गोऱ्यांची बाजू ठरलेली होती. फलक नव्हता, दोरी नव्हती, कायदा तर नव्हताच. किनाऱ्यावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि एक पोरगा बुडून मेला. पुढच्या दिवसांत ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळे होते. आपण पाण्यावरची रेघ म्हणतो ती टिकत नाही या अर्थाने. ही रेघ मात्र सगळ्या शहराला पाठ होती.

दंगलीनंतर काम कागदावर आले. १९२७ साली शिकागोच्या जमीन-घरांच्या दलालांच्या मंडळाने एक नमुना करारनामा तयार करून घेतला. वस्तीतल्या मालकांनी त्यावर सह्या करायच्या, की आम्ही आमचे घर काळ्या माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, वापरू देणार नाही. त्यात एक अपवाद होता, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या अपवादात आहे. इमारतीची देखभाल करणारा गडी, मोटार चालवणारा आणि घरकाम करणारे नोकर काळे असले तर त्यांना तळघरात, मागच्या गॅरेजमध्ये किंवा नोकरांच्या खोलीत राहता येईल, अशी सवलत त्यात दिलेली होती.

आता नाटकाकडे परत या. वॉल्टर काय करतो? गोऱ्या मालकाची मोटार चालवतो. रूथ गोऱ्यांच्या स्वयंपाकघरांत काम करते. लीनाचे आयुष्य त्याच कामात गेले. म्हणजे या घरातली तीनही माणसे नोकर म्हणून त्या कराराच्या अपवादात चपखल बसतात. वॉल्टर दिवसभर मालकाच्या हातभर पुढे बसलेला असतो, ती जवळीक कुणाला खुपत नाही. रूथने रांधलेले गोरे जेवतात, त्यांचे अन्न बाटत नाही. खुपते ते तिने शेजारच्या अंगणात स्वतःचे कपडे वाळत घालणे. वंशभेद म्हणजे दोन समाजांचे एकमेकांपासून लांब राहणे, असे जे सैलपणे म्हटले जाते ते म्हणूनच फसवे आहे. मालकिणीचे माजघर रूथला ठाऊक असते. मालकिणीने रूथची खोली पाहिलेली नसते. आमच्याकडे पाटलाच्या वाड्यात राबणाऱ्या आणि वाड्याच्या ओट्यावर न बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हॅन्सबेरीने हे ऐकून लिहिलेले नाही. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी (लिंडनरचेही नाव कार्लच, इंग्रजीत एका अक्षराचा फरक, हे तिने मुद्दाम केले की कसे, यावर मी तर्क लढवत नाही) यांनी १९३७ साली वॉशिंग्टन पार्क भागात ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतले. लोरेन तेव्हा सात वर्षांची होती. घराबाहेर जमाव जमला, आत दगड-वीट आली आणि ती पोरीला लागता लागता राहिली. वडील खटल्यासाठी बाहेरगावी असत तेव्हा आई रात्रभर भरलेले पिस्तूल घेऊन घरात फेऱ्या घाली. करार मोडला म्हणून शेजाऱ्यांनी दावा लावला. इलिनॉय राज्याच्या न्यायालयांनी हॅन्सबेरीविरुद्ध निकाल दिला. १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पण कशावर? असा करार अन्यायाचा आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. आधीच्या ज्या खटल्यात हा करार वैध ठरला होता त्यात हे लोक पक्षकार नव्हते, म्हणून तो निकाल यांना बांधत नाही, एवढेच म्हणाले. करार अमलात यायला रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांच्या सह्या लागत होत्या. प्रत्यक्षात होत्या ५४ टक्क्यांच्या आसपास. आधीच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी ९५ टक्के कबूल करून टाकले होते! अशा मंडळांना शिकागो विद्यापीठ पैशाचे पाठबळ देत होते, हेही सांगितले पाहिजे. समाजशास्त्राचा मोठा संप्रदाय जिथे वाढला ते हे विद्यापीठ.

कार्ल हॅन्सबेरी जिंकले आणि खचले. देश सोडून मेक्सिकोत स्थायिक व्हायच्या तयारीत असताना १९४६ साली ते तिकडेच वारले. मुलीच्या मनात हा सनदशीर विजय कडूच राहिला. पुढे ती न्यूयॉर्कला गेली, पॉल रोबसनच्या ‘फ्रीडम’ या पत्रात काम केले, आणि ज्या डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले त्यांच्याकडे शिकली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कार्ल हॅन्सबेरी श्रीमंत होते, आणि मोठ्या घरांचे तुकडे पाडून एकेका खोलीची बिऱ्हाडे काळ्यांना भाड्याने देणे हाच त्यांचा धंदा होता. यंगर कुटुंब ज्या कोंडवाड्यात राहते तसल्या कोंडवाड्यांच्या भाड्यावर लोरेनचे बालपण गेले. काळ्यांना बाहेर जाता येत नाही म्हणून आतली भाडी चढतात, आणि त्या चढलेल्या भाड्यात काही काळ्यांचाही वाटा असतो. हॅन्सबेरीने नाटकात आपले श्रीमंत घर ठेवले नाही; वडिलांच्या भाडेकरूंसारखे एक घर घेतले आणि आपल्या घरावर आलेला प्रसंग त्याला दिला. हा तिचा निर्णय मला तिच्या साऱ्या कलेपेक्षा मोठा वाटतो.

१९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. कायद्याचा हात निघून गेला. म्हणून तर लिंडनर वकिलाची नोटीस घेऊन येत नाही, पैसे घेऊन येतो. आणि सौजन्य घेऊन येतो. त्याच्या मागे काय उभे आहे हे मात्र तो बोलत नाही. १९५१ साली शिकागोला लागून असलेल्या सिसेरोत एका काळ्या कुटुंबाने जागा घेतली तेव्हा हजारोंच्या जमावाने इमारतीची नासधूस केली, सामान जाळले, लष्करी दल बोलवावे लागले. लिंडनर दुसऱ्या खेपेला जाता जाता एवढेच म्हणतो, की तुम्ही काय करता आहात ते तुम्हाला कळत असेल अशी आशा आहे. धमकी आहे आणि नाहीही. सभ्य माणसाला एवढे पुरते, बाकीचे काम करणारी माणसे वेगळी असतात.

आता गंमत पाहा. जो वंशाचे नाव घेत नाही तो लिंडनर साऱ्या नाटकात वंशाचाच विचार करणारा माणूस आहे. वस्तीचा नकाशा त्याच्या डोक्यात आहे, कुठे कोण आले याची त्याला खबर आहे, मंडळाची बैठक भरली आहे, ठराव झाला आहे. यंगर मंडळी मात्र आपल्या भांडणांत, विम्याच्या पैशांत, रूथच्या नको असलेल्या गर्भात, बेनीथाच्या केसांत आणि प्रेमांत बुडालेली आहेत. ती माणसांसारखी जगत असतात, आणि दार वाजते. वंश त्यांच्या घरात बाहेरून येतो, हॅट हातात घेऊन. बेनीथाला पहिल्या काही वाक्यांतच वास लागतो. रूथ आणि वॉल्टर पाहुण्याला काही घ्यायचा आग्रह करत राहतात. ऐकता ऐकता त्यांचे चेहरे कसे बदलत जातात, यात नटांची खरी परीक्षा आहे.

म्हणून हे माणसांचे नाटक आहे, काळ्यांचे नाही, असे म्हणणारा समीक्षक लिंडनरचेच काम पुढे नेतो, फक्त उलट्या टोकाने. लिंडनर म्हणतो, मला वंश दिसत नाही, तरी तुम्ही इथे येऊ नका. समीक्षक म्हणतो, मला वंश दिसत नाही, म्हणून तुम्ही इथे येऊ शकता. दोघांनाही यंगर कुटुंब आहे तसे नको आहे. हॅन्सबेरीने यावर एका मुलाखतीत चोख उत्तर दिले. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की हे कुटुंब नुसते काळे आहे असे नाही, ते शिकागोच्या दक्षिण भागातले आहे, न्यूयॉर्कचेही नाही. आणि विश्वात्मक व्हायचे तर आधी विशिष्टाकडे बारकाईने पाहावे लागते. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर आम्ही इतकी वर्षे वाद घातला. त्या वादाला लागणारी अर्धी सामग्री या उत्तरात आहे.

न दिसण्याची सोय रंगभूमीवरही केली गेली. मूळ संहितेतले काही प्रवेश १९५९ च्या प्रयोगात गाळले होते. खर्च आणि वेळ ही कारणे दिली जातात, ती खोटी नसतीलही. पण गाळले काय ते पाहा. ट्रॅव्हिस आणि त्याचे सवंगडी रस्त्यावर एका मोठ्या उंदराला ठेचून मारतात, तो प्रवेश गेला. शेजारीण मिसेस जॉन्सन वर्तमानपत्र घेऊन येते, त्यात गोऱ्यांच्या वस्तीत गेलेल्या काळ्यांच्या घरावर बाँब टाकल्याची बातमी असते, तोही गेला. म्हणजे कुटुंब कशातून निघाले आणि कशात चालले आहे, दोन्ही टोके प्रेक्षकाच्या नजरेआड झाली. उरली मधली कौटुंबिक कहाणी आणि शेवटी सामान बांधून नव्या घराकडे निघणे. मग लोकांना तो सुखान्त वाटला यात नवल काय? ज्याला हा सुखान्त वाटतो त्याने त्या वस्तीत येऊन राहून पाहावे, अशा अर्थाचे ती बोलली होती. हे प्रवेश पुढच्या आवृत्त्यांत परत आले आहेत. वाचणाऱ्याने तीच आवृत्ती वाचावी.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने आलेला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हेरॉल्ड क्रूझने १९६७ साली तिच्यावर मध्यमवर्गीयतेचा ठपका ठेवला. लिरॉय जोन्सलाही, म्हणजे नंतरच्या अमीरी बराकाला, उसळत्या साठीत हे नाटक मवाळ वाटले होते. गोऱ्यांच्या वस्तीत घर, हे का बंडाचे स्वप्न? १९८६ साली बराकाने आपले मत जाहीरपणे बदलले. घर हवे असणे ही मूठभर मध्यमवर्गाची हौस नव्हती, ती त्याच्या समाजातल्या बहुसंख्यांची आकांक्षा होती, आणि ती मागताच गोरा समाज बाँब घेऊन उभा राहत होता, हे आपण तेव्हा ओळखले नाही, असे त्याचे म्हणणे. आमच्या चळवळीत १९७२ नंतर काळ्यांच्या साहित्याची पुष्कळ चर्चा झाली. पण राईट, बाल्डविन, जोन्स यांच्या मानाने हॅन्सबेरी मागे राहिली. तिच्याकडे विद्रोहाची गर्जना नाही, बिऱ्हाड आहे. वस्ती सोडून फ्लॅट घेणाऱ्या मास्तराला ‘दलित ब्राह्मण’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी लीना यंगर नीट पाहावी. मास्तराने वस्तीकडे पाठ फिरवली असेल तर त्याला जरूर विचारा. पण घर मागायला गेल्यावर आडनाव विचारून त्याला जिना उतरायला लावणारा कोण आहे, तेही विचारा.

रंग दिसतो, जात दिसत नाही, म्हणून दोन्हींची तुलना होत नाही, असे नेहमी सांगितले जाते. फरक आहेच. पण शिकागोतलीच एक हकिगत पाहा. १९५३ साली ट्रंबुल पार्क या सरकारी वसाहतीत, जिथे तोवर एकही काळे कुटुंब नव्हते, एका कुटुंबाला जागा मिळाली. कारण बाईचा वर्ण उजळ होता आणि अधिकाऱ्यांनी तिला गोरी समजले. कळल्यावर दगडफेक सुरू झाली आणि तिथला उपद्रव वर्षानुवर्षे चालला. बाई तीच, कातडी तीच. काल शेजारीण होती, आज नाही. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या पारशी सराईत पारशी नावाने राहिले आणि ‘कळल्यावर’ लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मधला तरुण, जात कळेपर्यंत, गुणी आणि आदरणीय असतो. तिन्ही ठिकाणी डोळ्यांना आधी काही खुपलेले नाही. बघून भेद केला जात नाही, भेद करायचा म्हणून बघितले जाते.

नाटकात उणिवा नाहीत असे नाही. आफ्रिकन विद्यार्थी असागाईची भाषणे माणसाची कमी आणि लेखिकेची जास्त आहेत. वॉल्टर शेवटी ‘पुरुष’ होतो यावर इतका भर आहे, की घर जिने घेतले आणि जी ते टिकवण्यासाठी पोर पाठीला बांधून राबायला तयार आहे, त्या दोघी बाजूला सरतात. वॉल्टर लिंडनरला बापाच्या कष्टांची आठवण देतो. आईचे आणि बायकोचे कष्ट त्याच्या भाषणात तेवढ्या वजनाने येत नाहीत. आमच्या कवितेतही ‘बा’ पुष्कळदा असाच उभा राहिला आहे.

लिंडनर मेला असे कुणी समजू नये. अमेरिकेत १९६८ साली घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्याला बंदी आली. ब्रूस नॉरिसच्या ‘क्लायबोर्न पार्क’ या २०१० च्या नाटकात तेच घर पन्नास वर्षांनी पुन्हा विकले जाते, आता काळ्यांच्या झालेल्या वस्तीत गोरे यायला निघाले आहेत. सगळे पुन्हा सौजन्याने बोलतात आणि शब्द टाळता टाळता अंगावर येतात. नाटक हुशार आहे, हॅन्सबेरीची कळकळ त्यात नाही. आपल्या देशात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला, की सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम संस्थेला करता येतो, कारण संघटना करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. ती संस्था एका लहान समाजाची होती. पण त्या युक्तिवादाचे दार कुठल्याही मोठ्या जातीला मोकळे आहे. लिंडनरही ‘आम्ही’ म्हणून बोलतो, मंडळाच्या वतीने बोलतो. आपले आपण एकत्र राहण्याचा आम्हाला हक्क नाही का, असे तो विचारतो.

या नाटकाचा एक जुना मसुदा होता, त्यात शेवट वेगळा होता. नव्या घरात सामान लागलेले नाही, दिवे मालवलेले आहेत, आणि यंगर मंडळी हत्यारे घेऊन अंधारात बसली आहेत, शेजाऱ्यांच्या हल्ल्याची वाट पाहत. हॅन्सबेरीने तो काढून टाकला. १९६५ च्या जानेवारीत, वयाच्या ३४ व्या वर्षी कॅन्सरने ती गेली. आज आपण वाचतो त्या शेवटात लीना एकटी परत येते, खिडकीतले खुरटलेले रोप उचलते आणि दार ओढून घेऊन निघून जाते. नवे घर प्रेक्षकाला दिसतच नाही.